क्रॉमफर्ड: गिरणी वर्षभरात उभी राहिली, गावाला साठ वर्षं लागली

गिरणगाव म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लालबाग, परळ, काळाचौकी येतं. भोंगा, चाळी, खाणावळी, गावाकडून आलेलं पत्र. माझे आजोबा परळला एका गिरणीत त्रासन खात्यात होते, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, आणि ते गिरणीबद्दल असं बोलायचे की जणू ती आधीपासून होतीच, डोंगर किंवा खाडी असते तशी. पण सुताची गिरणी काढायची आणि तिच्याभोवती माणसं आणून वसवायची हे कुठेतरी पहिल्यांदा कुणीतरी केलं असणारच ना. ते शोधत मागे मागे गेलं की इंग्लंडमधल्या डर्बीशायर भागातल्या क्रॉमफर्ड नावाच्या एका छोट्या गावात आपण येऊन थांबतो. पाण्याच्या ताकदीवर कापसाचं सूत कातणारी पहिली यशस्वी गिरणी इथली, १७७१ सालची. गिरणीबद्दल बरंच लिहिलं गेलंय, मला मात्र तिच्यापेक्षा त्या गावात जास्त रस आहे, कारण ते गाव कसं हळूहळू, अडखळत, एकेक गोष्ट जोडत उभं राहिलं हे नुसत्या सालांकडे नीट बघितलं तरी कळतं.

आधी जागा बघू. डर्बी शहराच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर डर्वेंट नदीचं अरुंद खोरं आहे, दोन्ही बाजूंनी चुनखडीचे कडे आणि मध्ये जेमतेम नदी आणि रस्ता मावेल एवढी जागा. १७७१ च्या आधी इथे गावठाण म्हणावं असं फारसं काही नव्हतं, एक जुना दगडी पूल, इकडेतिकडे विखुरलेली घरं, थोडी मेंढरं आणि शिशाच्या खाणीत काम करणारी कुटुंबं. स्वतःचं चर्च नाही, त्यासाठी डोंगर चढून वर्क्सवर्थला जायचं. बाजार नाही. चांगला रस्ता नाही. अशा ठिकाणी कोणी कारखाना काढेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

काढला तो रिचर्ड आर्कराइट या माणसाने. जन्म १७३२, लँकेशरमधल्या प्रेस्टनचा, गरीब घरातला, धंदा न्हाव्याचा. त्या काळी तिथे पुरुषसुद्धा केसांचे टोप घालायचे त्यामुळे हा गावोगाव फिरून बायकांचे केस विकत घ्यायचा आणि त्यांचे टोप बनवून विकायचा. या फिरस्तीत त्याला एक गोष्ट सारखी कानावर येत असणार, की मागवाल्यांना सूत पुरत नाही. विणणारे बसून आहेत आणि कातणाऱ्या बायका रात्रंदिवस कातूनही कमी पडतायत.

आता सूत कातणं म्हणजे नेमकं काय ते एकदा समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ज्यांनी शाळेत टकळी फिरवलीय त्यांना हे हाताला आठवेल. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, घ्यायचा, तो हळूहळू ओढून बारीक करायचा आणि ओढतानाच त्याला पीळ द्यायचा. ओढ आणि पीळ, बस एवढ्या दोनच क्रिया. पीळ द्यायचं काम चाती, म्हणजे गरगर फिरणारी सळी, करते, चाकाला दोरी लावली की चाती फिरते, त्यात काही अवघड नाही. अवघड आहे ते ओढणं, कारण जास्त ओढलं की तुटतं आणि कमी ओढलं की गाठ राहते, ते फक्त बोटांना कळतं. आर्कराइटच्या यंत्रात हे बोटांचं काम रुळांनी केलं. रुळांच्या दोन-तीन जोड्या एकामागे एक, मागची जोडी हळू फिरते, पुढची तिच्यापेक्षा जोरात, त्यामुळे मधल्या मध्ये कापूस ताणला जाऊन बारीक होतो आणि पुढे चाती त्याला पीळ देते. ही रुळांची कल्पना त्याची स्वतःची नव्हती हे सांगायला हवं, लुइस पॉल नावाच्या माणसाने तीस वर्षं आधी, १७३८ मध्ये तसं पेटंट घेतलेलं होतं, आणि आर्कराइटला यंत्र बनवून दिलं ते जॉन के नावाच्या घड्याळजीने. पण ते सगळं जुळवून, अंतरं नेमकी धरून, दिवसरात्र चालेल असं यंत्र करणं आणि त्याचा धंदा उभा करणं हे आर्कराइटचं. १७६९ मध्ये त्याने पेटंट घेतलं.

पहिली गिरणी त्याने नॉटिंगहॅमला काढली आणि ती घोड्यांवर चालवली. घोडा चारा खातो, दमतो, आजारी पडतो, आणि यंत्रं वाढवायची तर घोडे वाढवायला लागतात. त्याला पैसे देणारे भागीदार होते सॅम्युएल नीड आणि जेडेडाया स्ट्रट, दोघंही मोज्यांच्या धंद्यातले, म्हणजे सुताचे गिऱ्हाईक स्वतःच. स्ट्रट मूळ डर्बीशायरचाच, त्याला तिथलं पाणी माहीत होतं. आणि डर्बी शहरात पाण्यावर चालणारी रेशमाची मोठी गिरणी १७२१ पासून सुरू होती, म्हणजे पाणचक्कीवर शेकडो माणसांचा कारखाना चालू शकतो हे तिथे सगळ्यांनी बघितलेलं होतं. ऑगस्ट १७७१ मध्ये या मंडळींनी क्रॉमफर्डची जागा भाड्याने घेतली.

पण क्रॉमफर्डच का? शेजारी एवढी मोठी डर्वेंट नदी वाहत असताना पहिली गिरणी नदीवर नाहीच. ती आहे एका छोट्या ओढ्यावर, आणि त्या ओढ्याला येऊन मिळणाऱ्या एका मोरीच्या पाण्यावर. ही मोरी म्हणजे काय ते सांगतो कारण या गावाचा जन्म आणि पुढचं दुखणं दोन्ही तिच्यात आहे. शिशाच्या खाणी खोल जायला लागल्या की विहिरीला लागतं तसं पाणी लागतं आणि खाण बुडते. त्यावर खाणवाले काय करायचे तर खाली दरीच्या बाजूने डोंगरात एक आडवा बोगदा खणत न्यायचे, थेट खाणीच्या तळापर्यंत, म्हणजे खाणीतलं पाणी आपसूक उताराने बाहेर वाहून जातं. क्रॉमफर्डची अशी मोरी सतराव्या शतकातच खणायला सुरुवात झालेली होती. खाणवाल्यांच्या दृष्टीने ते सांडपाणी, नकोसं झालेलं, पण खडकाच्या पोटातून येणारं पाणी बाराही महिने जवळजवळ सारख्या तापमानाचं असतं. इंग्लंडच्या जानेवारीत जेव्हा बाकीच्यांची चाकं बर्फाने गोठून उभी राहायची तेव्हा हे पाणी कोमटसर वाहत असायचं. आणि नदीसारखा पूर नाही, उन्हाळ्यात आटणं नाही. नवख्या माणसाला, ज्याने आयुष्यात कधी मोठं धरण बांधलेलं नाही त्याला, असं गरीब पाणी मिळणं म्हणजे लॉटरीच.

शिवाय लँकेशर लांब. तिथे कातणाऱ्यांना वाटत होतं की ही यंत्रं आपल्या तोंडचा घास काढणार आणि त्यांनी यंत्रं फोडायला सुरुवातही केलेली होती. त्यांची भीती खोटी नव्हती. क्रॉमफर्डला कातणाऱ्यांची वस्तीच नव्हती त्यामुळे भांडायला कोणी नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा की काम करायलाही कोणी नाही.

डिसेंबर १७७१ मध्ये डर्बीच्या वर्तमानपत्रात एक जाहिरात आली. तिच्यात काय काय हवंय ते बघा: दातेरी चाकांचं काम चांगलं जाणणारे दोन घड्याळजी, घडाई आणि कानस दोन्ही येणारा एक लोहार, चाकं करायची सवय असलेले दोन लाकूड-कातारी. आसपासच्या विणकरांनी गिरणीवर यावं, चांगलं काम मिळेल. बायका आणि मुलांना काम आहे, पगार चांगला. आणि शेवटी तळटीप, बॉक्सवुड नावाचं कठीण लाकूड पाहिजे. मला ही जाहिरात फार आवडते कारण जगातल्या पहिल्या गिरणीगावाचं अख्खं बी तिच्यात आहे. गिरणी-इंजिनियर हा प्राणीच तेव्हा अस्तित्वात नव्हता म्हणून घड्याळजी बोलवायचे, कारण बारीक दात्यांची चाकं फक्त त्यांनाच येतात. आणि पुरुषांना गिरणीत काम असं जाहिरातीत नाहीच, आहे ते कारागिरांना आणि विणकरांना. यंत्रावर हात हवेत ते बायकांचे आणि मुलांचे.

मार्च १७७२ चं आर्कराइटने स्ट्रटला लिहिलेलं एक पत्रही आहे. त्यात हा माणूस कुलपं मागवतोय, खिडक्यांचे बिजागर मागवतोय, दारांना कड्या आणि खिट्ट्या मागवतोय, आणि पहिल्या दाराला एक मोठा टोला किंवा घंटा पाठव म्हणतोय. घर बांधताना आपण हार्डवेअरच्या दुकानात चिठ्ठी घेऊन जातो ना, अगदी तसं. औद्योगिक क्रांती वगैरे मोठे शब्द आपण नंतर वापरतो, त्या दिवशी प्रश्न दाराच्या कडीचा होता.

गिरणी पाच मजली, दगडी. ती १७७२ मध्ये चालू झाली. आणि मग पहिली चार-पाच वर्षं कामगार येत होते कुठून, तर आजूबाजूच्या खाणकामगारांच्या घरांतून. नवरा खाणीत, बायको आणि पोरं गिरणीत. पण ही घरं विखुरलेली आणि मोजकी, त्यामुळे गिरणी वाढवायची तर लांबून माणसं आणायला हवीत, आणि लांबून आलेला माणूस पहिला प्रश्न विचारणार की राहायचं कुठे. १७७६ मध्ये दुसरी, आणखी मोठी गिरणी उभी राहिली आणि त्याच सुमाराला नॉर्थ स्ट्रीट नावाची गल्ली बांधली गेली. तेव्हाचे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ, त्यांचं नाव दिलं. म्हणजे गिरणीनंतर पाच वर्षांनी घरं.

ही गल्ली आजही आहे आणि लोक तिच्यात राहतात. समोरासमोर दोन ओळी, करड्या वालुकाश्माची एकाला एक लागून तीन मजली घरं. एका मजल्यावर एकच खोली, खाली चूल आणि बसणं-उठणं, वर झोपायची खोली, आणि तिसऱ्या मजल्यावर छपराखाली एक खोली जिच्या खिडक्या बाकीच्यांपेक्षा रुंद, अनेक तावदानांच्या, आडव्या पसरलेल्या. घरात जास्तीत जास्त उजेड सगळ्यात वर का? कारण तिथे माग आहे. मागवाल्याला दिवसभर उजेड लागतो. बायको आणि मुलं सकाळी गिरणीत जाऊन सूत कातणार, आणि ते सूत घेऊन नवरा घरच्या तिसऱ्या मजल्यावर कापड विणणार. गिरणीला बायका-मुलं हवी होती आणि ती नवऱ्याशिवाय येणार नाहीत, मग नवऱ्याला काहीतरी काम द्यायला हवं, म्हणून हा वरचा मजला. अख्ख्या कुटुंबाची सोय एका घराच्या नकाशात बसवलेली. मागे भाजीपाल्याचे वाफे आणि डुकरांसाठी दगडी खोपट्या, म्हणजे पोटालाही थोडा आधार.

आपल्याकडच्या गिरणगावाशी तुलना केली की फरक चटकन दिसतो. मुंबईला कोकणातून, घाटावरून पुरुष एकटा आला. बायको गावाला, शेत सांभाळायला, सासू-सासरे बघायला. तो दहा बाय दहाच्या खोलीत दहा जणांबरोबर पाळीपाळीने झोपला आणि खाणावळीत जेवला. आमच्या आजीने लग्नानंतर कितीतरी वर्षं मुंबई बघितलीच नव्हती. तिथे क्रॉमफर्डला उलट, गिरणीला आधी बाई आणि मूल हवं होतं आणि पुरुष हा त्यांच्याबरोबर आलेला. त्यामुळे तिथे घर बांधावं लागलं आणि इथे चाळीतली एक खोली पुरली. गिरणीला कोणाचे हात हवेत यावर गावाची घरं ठरतात, हे मला नॉर्थ स्ट्रीट बघून पहिल्यांदा नीट कळलं.

मुलांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सात-आठ वर्षांची मुलं या गिरणीत कामाला होती. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, एक दिवसाची आणि एक रात्रीची, कारण पाणी रात्रीही वाहतंच आणि वाहून गेलेलं पाणी म्हणजे वाया गेलेला पैसा असा हिशेब. तुटलेला धागा सांधायला, भरलेली बाबीन काढून रिकामी लावायला लहान बोटं बरी पडतात असं मालक म्हणायचे. आर्कराइटने शाळाही काढली, १७८५ मध्ये, पण ती रविवारची. सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी अक्षरओळख. त्या काळच्या इतर काही गिरण्यांनी शहरातल्या अनाथालयांतून मुलं गाड्या भरून आणली आणि कोंडून ठेवली, त्या मानाने क्रॉमफर्डचा भर कुटुंबांवर होता, पाळी संपली की मूल आपल्या घरी जायचं. एवढं म्हणता येईल. पण सात वर्षांच्या पोराने रात्रपाळी करायची यात चांगलं काही नाही आणि ते कौतुकाच्या भरात झाकलं जाऊ नये.

मध्येच एक गोष्ट सांगायला हवी जी थेट आपल्याशी जोडलेली आहे. हे सगळं सूत विकायचं कुठे? इंग्लंडमध्ये १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड वापरायलाच बंदी होती, आणि ती बंदी आली होती आपल्या हिंदुस्तानी कापडामुळे. छीट, कालिकत बंदराच्या नावाने ओळखलं जाणारं कॅलिको, हे कापड तिथल्या बायकांना इतकं आवडायला लागलं की लोकरवाले आणि रेशीमवाले हवालदिल झाले आणि त्यांनी पार्लमेंटकडून कायदा करून घेतला. इंग्लंडमध्ये तेव्हा हाताने कातलेलं कापसाचं सूत कच्चं असायचं, ताण्याला म्हणजे उभ्या धाग्याला टिकायचं नाही, म्हणून ताणा लिननचा, म्हणजे जवसाच्या खोडाच्या धाग्याचा, आणि बाणा कापसाचा असं मिश्र कापड ते विणायचे आणि त्याला कायद्यात सूट होती. आर्कराइटच्या यंत्राचं सूत मात्र पक्कं, ताण्याला चालणारं. म्हणजे पहिल्यांदाच तिथे पूर्ण सुती कापड होऊ शकत होतं आणि नेमकं तेच बेकायदा. तो आणि त्याचे भागीदार पार्लमेंटकडे गेले आणि १७७४ मध्ये कायदा बदलून घेतला. इंग्लंडमध्ये विणलेल्या सुती कापडाच्या काठात तीन निळे धागे घालायचे म्हणजे ते बाहेरचं नाही हे ओळखू येईल. आपल्या विणकरांच्या हातून कोणती बाजारपेठ जायला सुरुवात झाली, ते त्या तीन निळ्या धाग्यांत दिसतं.

कायदा बदलला आणि मागणी वाढली. आता परत गावाकडे येऊ.

१७७८ मध्ये आर्कराइटने ग्रेहाउंड नावाची मोठी खानावळ-कम-मुक्कामाची जागा बांधली. व्यापारी यायला लागले होते, कोणी यंत्र बघायला, कोणी सूत घ्यायला, त्यांना उतरायला जागा नको का. पुढच्याच वर्षी, १७७९ मध्ये, लँकेशरमधली त्याची बर्काकर इथली गिरणी जमावाने जाळली आणि ती लाट क्रॉमफर्डवरही येणार अशी आवई उठली. तयारी म्हणून बंदुका आणि तोफासुद्धा आणून ठेवल्या गेल्या. जमाव आला नाही. गिरणीची रस्त्याकडची भिंत बघितली की ती खालच्या बाजूला जवळजवळ बिनखिडक्यांची आहे, किल्ल्यासारखी, आणि ती तशी का आहे ते विचारावं लागत नाही. त्याच काळात जोसेफ राइट या डर्बीच्या चित्रकाराने रात्रीची क्रॉमफर्डची गिरणी रंगवली, काळोखी दरी, वर चंद्र, आणि खाली प्रत्येक खिडकीत दिवा. तोपर्यंत रात्र म्हणजे झोप, आणि आता दरीत एक इमारत अशी आहे जी झोपतच नाही, हे लोकांना किती विचित्र वाटलं असेल.

मोरीचं पाणी चांगलं होतं पण मोजकं होतं. त्यामुळे तिसरी मोठी गिरणी काढायची वेळ आली तेव्हा, १७८३ मध्ये, ती थोडी वरच्या अंगाला प्रत्यक्ष डर्वेंट नदीवर बांधली, मॅसन मिल, लाल विटांची, देखणी. तोवर आर्कराइटकडे पैसाही होता आणि नदीला हात घालायची हिंमतही आलेली होती. १७८५ मध्ये कोर्टाने त्याची पेटंटं रद्द केली, आता कोणीही ते यंत्र बनवू शकत होतं, पण त्याला फारसा फरक पडला नाही, तो इतका पुढे गेलेला होता. त्याच वर्षी गावातल्या गावात त्याने मोरीचं पाणी वळवायला एक खोल दगडी हौद बांधून घेतला, तो आजही आहे आणि लोक त्याला अस्वलाचा खड्डा म्हणतात, दिसतो तसाच. पाण्याचा प्रत्येक थेंब चाकापर्यंत कसा जाईल याची केवढी ती धडपड. १७८६ मध्ये न्हाव्याचा सर रिचर्ड झाला.

आणि तरीही, गिरणीला अठरा वर्षं होऊन गेली तरी गावाला बाजार नव्हता. विचार करा, शेकडो बायका बारा तास कामावर, घरी स्वयंपाकाला वेळ नाही, आणि पाव-मटण आणायला शेजारच्या गावी जायचं. आपल्याकडचं जुनं गाव घ्या, बारा बलुतेदार आधी असतात, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, आणि त्यांच्या आधारावर गाव चालतं. इथे सुरुवातच कारखान्याने झालेली, बाकी एकेक जण बाहेरून बोलवायचा. आणि बाजार भरवायचा तर त्या जमिनीचा हक्क आपल्या हातात पाहिजे, तो बरीच वर्षं पीटर नाइटिंगेल या जमीनदाराकडे होता (फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्याच घराण्यातली, तो तिच्या वडिलांचा नात्यातला). १७८९ मध्ये आर्कराइटने क्रॉमफर्डची जमीनदारी विकत घेतली आणि लगेच १७९० मध्ये शनिवारचा बाजार सुरू झाला. पण बाजार सुरू केला म्हणून दुकानदार येतात थोडेच! मग त्याने बक्षिसं लावली. वर्षभर नेमाने येणाऱ्या पाववाल्यांना, खाटकांना घड्याळं, पलंग, खुर्च्या, कपाटं अशी घरसामानाची बक्षिसं, आणि त्याची यादी मुक्कामाच्या जागेत टांगलेली. मला तो खाटीक डोळ्यासमोर येतो जो वर्षभर चिखलातून गाडी हाकत आला आणि शेवटी घरी एक घड्याळ घेऊन गेला.

त्याच्यानंतर १७९४ मध्ये कालवा झाला. तोपर्यंत कापसाच्या गासड्या आणि सूत खेचरांच्या, घोड्यांच्या पाठीवरून नाहीतर खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाड्यांमधून जायचं, आता होडीतून थेट पुढच्या कालव्यांना माल लागायला लागला, आणि मालाबरोबर कोळसाही यायला लागला. आणि मग १७९७ मध्ये चर्च, गिरणीनंतर सव्वीस वर्षांनी. आधी पोटोबा मग विठोबा हे तिथल्या कुणी ऐकलेलं नव्हतं पण क्रम अगदी तोच. ते चर्च आर्कराइटने सुरू केलं मात्र बघितलं नाही, १७९२ मध्येच तो गेला. नदीपलीकडे स्वतःसाठी बांधत असलेला मोठा वाडाही त्याला राहायला मिळाला नाही, तो पूर्ण व्हायच्या आधीच आत आग लागली. गिरणीच्या डोक्यावरच्या एका घरातून खाली बघत तो शेवटपर्यंत राहिला.

आता प्रश्न असा की इतक्या पैशाचं, इतक्या नावाचं गाव शहर का झालं नाही. याच खोऱ्यातला यंत्रांचा नमुना घेऊन मँचेस्टर कुठल्या कुठे गेलं, आणि क्रॉमफर्ड एका टोकापासून दुसऱ्या टोकाला दहा-पंधरा मिनिटांत चालून जाता येईल एवढंच राहिलं. एक कारण दरी, जागाच नाही. दुसरं कारण एकच मालक, गिरणी त्याची, घरं त्याची, बाजार त्याचा, मुक्कामाची जागा त्याची, मग दुसरा कोणी येऊन धंदा काढणार कुठे. पण खरं मोठं कारण पाणी. पाण्याच्या चाकाला पाण्याकडे जावं लागतं आणि तिथे पाणी जेवढं तेवढीच चाकं. वाफेचं इंजिन आलं तसं हे बंधन सुटलं, कोळसा गाडीत घालून कुठेही नेता येतो, मग गिरणीने दरीत कशाला जायचं, ती गेली जिथे माणसं आणि बाजार आधीच होते तिथे. म्हणूनच तर मुंबईला गिरण्या होऊ शकल्या. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिली गिरणी काढायला घेतली तेव्हा ती वाफेवर. मुंबईत कुठली आलीय डर्वेंट नदी.

आणि क्रॉमफर्डचं पाणी तर स्वतःचंही नव्हतं. गिरणी चालू झाली त्याच वर्षी, १७७२ मध्ये, नदीच्या खालच्या अंगाला खाणवाल्यांनी दुसरी मोरी खणायला घेतली होती, मीरब्रुक नावाची, आणि ती आधीच्या मोरीपेक्षा खोल पातळीवर. पाणी खालच्या वाटेने जाणार हे शाळकरी पोरालाही कळतं. फक्त खडक फोडत, इंचाइंचाने पुढे सरकत ती डोंगराच्या पोटातल्या त्याच पाण्यापर्यंत पोचायला कित्येक दशकं लागली. मग गिरणीचं पाणी कमी व्हायला लागलं. आर्कराइटच्या मुलाने दावा लावला, की साठ-सत्तर वर्षं हे पाणी आम्ही वापरतोय, आमचा हक्क झालाय. १८३९ मध्ये निकाल लागला आणि तो हरला. कोर्टाचं म्हणणं साधं होतं, हे काही नैसर्गिक झरा-ओढ्याचं पाणी नाही, खाण कोरडी करायला माणसाने काढलेलं पाणी आहे, ज्याने आपल्या सोयीसाठी ते बाहेर सोडलं त्याने ते कायम सोडत राहावं असं त्याच्यावर बंधन नाही. जे पाणी फुकट मिळालं म्हणून गाव वसलं ते पाणी दुसऱ्याचं सांडपाणी होतं आणि त्याला ते दुसरीकडे सांडायचा हक्क होता. १८४० च्या दशकात जुन्या गिरण्यांमधलं कातकाम ओसरत गेलं, नदीवरची मॅसन मिल मात्र चालू राहिली, ती थेट १९९१ पर्यंत.

गाव लहान राहिलं, पण त्याची नक्कल लांब गेली. जर्मनीत ब्रूगेलमान नावाच्या उद्योजकाने १७८३ च्या सुमाराला राटिंगेनला अशीच गिरणी काढली आणि तिचं नाव चक्क क्रॉमफर्ड ठेवलं. स्ट्रटच्या गिरणीत उमेदवारी केलेला सॅम्युएल स्लेटर १७८९ मध्ये अमेरिकेला गेला, यंत्रांचे नकाशे बाहेर न्यायला बंदी होती म्हणून सगळं डोक्यात घेऊन, आणि १७९० मध्ये पॉटकेट इथे त्याने ती यंत्रं पाण्यावर चालू केली. तिथेही पुढे तेच, नदी, गिरणी, कुटुंबांसाठी घरं.

क्रॉमफर्डच्या जुन्या इमारतींत नंतर दारू गाळली गेली, धुलाईचं काम झालं, मग कितीतरी वर्षं रंगांची भुकटी बनवायचा कारखाना होता, त्या रंगांनी दगड आणि जमीन पार खराब झालेली. पहिल्या गिरणीचे वरचे दोन मजले आगीत गेले. १९७९ मध्ये आर्कराइट सोसायटी या संस्थेने ती जागा घेतली आणि ते विष खरवडून काढायचं काम सुरू केलं, २००१ मध्ये हे सगळं खोरं जागतिक वारसा ठरलं. घरसुद्धा पाडायला कुणाला गरज पडली नाही कारण तिथे नवीन बांधायला कोणी आलंच नाही, त्यामुळे सगळं आहे तिथेच आहे, पूल, गिरणी, ग्रेहाउंड, बाजाराची जागा.

नॉर्थ स्ट्रीटने चालत शेवटापर्यंत गेलं की समोर शाळा येते. १८३२ ची. रविवारची नाही, रोजची, गिरणीत काम करणाऱ्या मुलांना अर्धा दिवस तरी बसता यावं म्हणून बांधलेली. पहिल्या जाहिरातीत बायका-मुलांना काम आहे असं छापून आलं त्याला तेव्हा एकसष्ट वर्षं झालेली होती. शाळा अजून भरते. गल्लीतल्या रुंद खिडक्यांच्या घरांतून सकाळी मुलं निघतात आणि गिरणीच्या उलट दिशेला जातात.